कार्ड काढलं म्हणजे नेमकं काय काढलं?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे बत्तीस मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज साठली होती आणि ती सगळी टाइप करून काढायची होती. हे काम ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, एका तासाची मुलाखत उतरवायला निदान पाच तास जातात. म्हणून मी रेकॉर्डिंगवरून मजकूर तयार करून देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेचं सबस्क्रिप्शन घेतलं. पहिले सात दिवस फुकट, पुढे महिन्याला ६९९ रुपये. फुकटच्या सात दिवसांसाठीसुद्धा कार्डाचा तपशील द्यावा लागत होता. माझ्याकडे क्रेडिट कार्ड नव्हतं, बाबांचं घेतलं. ओटीपी त्यांच्या मोबाइलवर आला आणि त्यांनी फोन करून तो मला सांगितला. ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो हे आम्हा दोघांनाही पाठ आहे, पण घरातल्या घरात तो नियम कोण पाळतं?

पंधरा दिवसांत कळलं की या सेवेचा मला काही उपयोग नाही. मुलाखती परभणीकडच्या होत्या. 'यायलो', 'करायलो' अशा क्रियापदांचं त्या सॉफ्टवेअरने जे काही केलं ते इथे लिहीत नाही. मी खात्यात गेले, 'सेव्ह केलेली कार्डं' असं पान होतं तिथे बाबांचं कार्ड दिसलं, शेजारच्या कचरापेटीच्या चित्रावर क्लिक केलं. हिरवी खूण आली. तुमचं कार्ड काढून टाकलं आहे. मी निश्चिंत झाले आणि पुन्हा हाताने टाइप करायला बसले.

दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांनी सहज विचारलं, "ते तुझं सहाशे नव्याण्णववालं अजून लागतं ना?" पाच महिने पैसे जात होते. दर वेळी आदल्या दिवशी त्यांना मेसेज यायचा, मग पैसे गेल्याचा मेसेज यायचा. "तुझ्या अभ्यासाचं असेल म्हणून विचारलं नाही," असं म्हणाले. ३,४९५ रुपये. रक्कम फार मोठी नाही असं म्हणायची पद्धत आहे, पण निवृत्त माणसाच्या हिशेबात ती लहानही नव्हती. आणि मला पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की माझ्या अभ्यासाच्या नावाखाली ते पाच महिने गप्प बसले होते.

या सेवेवर चिडून झालं, चार लोकांना सांगून झालं. मग एका दुपारी मी जरा शांतपणे विचार केला. सेवा खोटं बोलली होती का? तिने 'कार्ड काढलं' असं सांगितलं. कार्ड खरंच काढलेलं होतं, त्या पानावर ते दिसतच नव्हतं. मग पैसे कुठल्या वाटेने गेले?

संशोधनाची तयारी करणाऱ्या तुम्हा मंडळींसाठी हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. माझा पीएचडीचा विषय हा नाही, पण प्रश्न कसा उलगडत जातो आणि तो नीट विचारायचा म्हणजे काय, हे दाखवायला मला याच्याइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आधी साठवलं काय होतं ते बघू

आपली अशी समजूत असते की कंपनीकडे कुठेतरी एक तक्ता आहे, त्यात आपला सोळा आकडी नंबर लिहिलेला आहे आणि 'काढा' म्हटलं की ती ओळ खोडली जाते. पूर्वी साधारण असं होतंही. भारतात आता तसं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारखी नेटवर्क सोडली तर व्यवहाराच्या साखळीतल्या कुणालाही कार्डाचा खरा नंबर साठवून ठेवता येत नाही. दुकानदाराला नाही आणि मधल्या पेमेंट कंपनीलाही नाही. ही तारीख आधी दोन-तीनदा पुढे ढकलली गेली होती. ज्यांनी तेव्हा काही ऑनलाइन खरेदी केली असेल त्यांना 'नियमाप्रमाणे तुमचं कार्ड सुरक्षित करा' असे चौकोन आठवत असतील. आपण न वाचता त्यावर टिक केलं होतं.

तो टिक म्हणजे टोकन तयार करायला दिलेली संमती. टोकन म्हणजे खऱ्या नंबराच्या जागी वापरायचा दुसरा नंबर. देवळाबाहेर चपला ठेवल्या की पितळी बिल्ला मिळतो, तसं समजा. बिल्ल्यावर सत्तेचाळीस लिहिलंय म्हणून तुमच्या पायाचं माप सत्तेचाळीस होत नाही, आणि तो बिल्ला घेऊन पलीकडच्या स्टँडवर गेलात तर तिथे तुमच्या चपला मिळत नाहीत. टोकनही असंच एका ठिकाणापुरतं असतं. एक कार्ड, एक दुकान आणि टोकन मागणारी एक संस्था, या तिघांच्या जोडणीला एक टोकन. तेच कार्ड तुम्ही पाच ठिकाणी सेव्ह केलं असेल तर पाच वेगवेगळी टोकनं आहेत, आणि एका ठिकाणचं काढलं तर बाकीची चार जागच्या जागी राहतात.

म्हणजे कचरापेटीच्या चित्रावर क्लिक करून मी काढलं ते टोकन. त्या दुकानातला बिल्ला परत केला. इथपर्यंत ठीक.

पण दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे असतील तर त्यासाठी वेगळी परवानगी लागते, ई-मँडेट. ही सेव्ह केलेल्या कार्डाच्या पानावर राहत नाही, ती बँकेकडे नोंदवलेली असते. पहिल्या वेळी ओटीपी टाकून आपण तिला मान्यता देतो आणि पुढे १५,००० रुपयांपर्यंतच्या प्रत्येक हप्त्याला ओटीपी लागत नाही. विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना मर्यादा आणखी वरची, एक लाखाची आहे. बाबांनी फोनवर मला सांगितलेला तो एक ओटीपी म्हणजे त्या सात दिवसांची दारावरची पावती आहे असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात ती पुढच्या सगळ्या महिन्यांची सही होती.

आणि या दोन्हींच्या खाली तिसरी गोष्ट, सबस्क्रिप्शन स्वतः. तो तुमच्यात आणि सेवेत झालेला करार आहे. कार्ड काढल्याने करार मोडत नाही, भाडं द्यायचं बंद केल्याने भाडेकरार संपत नाही तसंच. माझ्या बाबतीत करार चालू, मँडेट चालू, फक्त बिल्ला परत केलेला. त्या पानावर बिल्ला सोडून दुसरं काही दाखवलंच नव्हतं, म्हणून मला वाटलं सगळं संपलं.

चौथी गोष्ट जुन्या व्यवहारांच्या नोंदी. त्या जात नाहीत आणि जायला हव्यात असंही नाही. हिशेब जुळवण्यापुरते कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवायची मुभा नियमातच आहे. त्यामुळे 'कार्ड काढलं तरी जुन्या बिलावर शेवटचे चार आकडे दिसतात' ही तक्रार घेऊन फार लांब जाऊ नका.

ज्यांना फक्त कार्ड काढायचंय त्यांच्यासाठी

तुम्ही केवळ याच कामासाठी इथे आला असाल तर क्रम एवढा लक्षात ठेवा: आधी सबस्क्रिप्शन रद्द करा, मग बँकेकडचं मँडेट, आणि कार्ड सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने गेलात तर काही ठिकाणी 'चालू सबस्क्रिप्शनला जोडलेलं कार्ड काढता येणार नाही' असा अडसर येतो. खरं तर तो अडसर आलेला बरा, कारण निदान कळतं तरी. माझ्यासारखं गुपचूप काढू दिलं तर कळतच नाही.

बँकेने ग्राहकाला मँडेट कधीही मागे घेण्याची ऑनलाइन सोय द्यायची आहे. ती बहुतेक वेळा नेटबँकिंगमध्ये किंवा बँकेच्या ॲपमध्ये कार्डांच्या विभागात असते, आणि नाव दर बँकेत वेगळं असतं. 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन', 'ऑटोपे', 'मँडेट', 'रिकरिंग पेमेंट' यांपैकी काहीतरी शोधा. रद्द करताना पुन्हा ओटीपी येईल, तो येतो म्हणजे तुम्ही बरोबर जागी आहात. कोणकोणत्या दुकानांकडे तुमच्या कार्डाची टोकनं आहेत ती यादी दाखवणं आणि तिथूनच ती काढू देणं, हेही बँकेवर बंधनकारक आहे. ॲप, नेटबँकिंग, फोनवरची सेवा किंवा शाखा, यांतून ते करता येतं. म्हणजे एखाद्या दुकानाच्या खात्याचा पासवर्ड विसरला असाल किंवा ते दुकानच बंद पडलं असेल, तरी बँकेच्या बाजूने दार उघडं आहे. बहुतेकांना ही यादी असते हेच माहीत नसतं, मलाही नव्हतं.

प्रत्येक पायरीचा तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर 'मी रद्द केलं होतं' या वाक्याला त्याशिवाय वजन येत नाही. संशोधनात याला आपण पुरावा म्हणतो आणि तिथेही घ्यायचा आळस करतो.

आता संशोधनाकडे

इंटरनेटवरून काही पुसणं लोकांना कसं समजतं, ग्राहकाला अडकवणाऱ्या रचना किती आहेत, यावर बरंच काम झालेलं आहे. त्यातले तीन अभ्यास मी मुद्दाम निवडले, कारण तिघांनी एकाच प्रदेशात तीन वेगवेगळ्या वाटांनी प्रवेश केला आणि प्रत्येकाला वेगळं दिसलं.

पहिला प्रिन्स्टन विद्यापीठातल्या अरुणेश माथुर आणि सहकाऱ्यांचा, २०१९ चा. 'डार्क पॅटर्न' म्हणजे वापरणाऱ्याला त्याच्या हिताविरुद्ध निर्णयाकडे ढकलणारी रचना. हा शब्द हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये रूढ केला. माथुर यांच्या गटाने सुमारे ११,००० खरेदीच्या वेबसाइटींवरची सुमारे ५३,००० पानं एका प्रोग्रामकडून तपासून घेतली आणि अशा १,८१८ रचना शोधल्या. आवाका बघून मी पहिल्यांदा थक्क झाले होते. पण तो प्रोग्राम काय करत होता ते नीट वाचा. तो वस्तूच्या पानावर जातो, वस्तू टोपलीत टाकतो, पैसे भरायच्या पानापर्यंत पोचतो आणि थांबतो. खरेदी करत नाही. त्यामुळे खरेदी झाल्यावर, खात्याच्या आत, महिन्याभराने काय होतं ते त्याच्या नजरेच्या टप्प्यात येत नाही. रद्द करणं अवघड आहे असं साइटच्या मजकुरातच लिहिलेलं असेल तर तेवढं सापडतं. हा त्या अभ्यासाचा दोष नाही, त्या पद्धतीची ती हद्द आहे. ही हद्द ओळखता येणं म्हणजे पेपर वाचता येणं. 'संशोधनातील उणीव' या मथळ्याखाली आपण सिनॉप्सिसमध्ये 'महाराष्ट्रात असा अभ्यास झालेला नाही' एवढंच लिहून मोकळे होतो. पद्धतीला काय दिसत नाही ही उणीव त्याहून कितीतरी दमदार असते.

दुसरा हाना हबीब आणि सहकाऱ्यांचा, त्याच वर्षीचा. त्यांनी १५० इंग्रजी वेबसाइटी घेतल्या, पण हाताने. गर्दीच्या, मध्यम आणि कमी वापराच्या अशा तीन स्तरांतून नमुना निवडला आणि माहिती पुसण्याची किंवा जाहिराती नाकारण्याची सोय कुठे आहे, तिथे कसं पोचायचं, दुवा दिल्या जागी नेतो का, हे पायरी पायरीने नोंदवलं. निष्कर्ष थोडक्यात असा की सोय बहुतेक ठिकाणी आहे, पण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कोपऱ्यात आहे आणि काही ठिकाणी दुवा भलतीकडेच जातो. अकरा हजारांसमोर दीडशे हा आकडा लहान वाटेल, पण या दीडशेंमध्ये माणूस आत शिरलेला आहे. खोली हवी की रुंदी, या प्रश्नाला एकच उत्तर नसतं हे पुस्तकात वाचून मला कळलं नव्हतं, हे दोन पेपर शेजारी ठेवल्यावर कळलं.

तिसरा अभ्यास माझा आवडता आहे, म्हणून त्याच्यावर जरा रेंगाळते.

लिरान आयनाव, बेन क्लोपॅक आणि नील महोनी हे अर्थशास्त्रज्ञ. त्यांचा प्रश्न साधा आहे. लोक सबस्क्रिप्शन चालू ठेवतात ते त्यांना हवं असतं म्हणून, की लक्षात राहत नाही म्हणून? हे विचारून कळत नाही. 'तुम्ही विसरलात का?' असं विचारलं की माणसाला आठवतं, आणि मोजायची होती ती गोष्टच नाहीशी होते. त्यांनी काय केलं, तर कार्ड नेटवर्कच्या व्यवहारांच्या नोंदी घेतल्या आणि दहा लोकप्रिय सबस्क्रिप्शन सेवा निवडल्या. मग एक प्रसंग पकडला, कार्ड बदलण्याचा. मुदत संपली किंवा हरवलं म्हणून नवं कार्ड आलं की जुना नंबर चालत नाही. सेवा सांगते, नवा नंबर द्या. त्या एका क्षणी माणसाला खरोखर ठरवावं लागतं, हवंय का हे मला? इतर महिन्यांत ठरवावं लागत नाही, साठवलेलं कार्ड त्याच्या वतीने 'हो' म्हणत राहतं.

आणि कार्ड बदललं त्या महिन्यात सबस्क्रिप्शन बंद होण्याचं प्रमाण एकदम उसळतं. सेवा तीच, किंमत तीच, माणूसही तोच. फक्त साठवलेला नंबर गेला. यावरून त्यांनी अंदाज बांधला की लोकांच्या दुर्लक्षामुळे विक्रेत्यांचं उत्पन्न, सेवेनुसार, १४ टक्क्यांपासून २०० टक्क्यांच्याही वर वाढतं. हा पेपर २०२३ मध्ये वर्किंग पेपर म्हणून आला.

इथलं कौशल्य बघा. कार्डाची मुदत कधी संपते याचा, तुम्हाला ती सेवा किती आवडते याच्याशी काही संबंध नाही. कुणाची मार्चमध्ये संपते, कुणाची ऑगस्टमध्ये. जणू कुणीतरी चिठ्ठ्या टाकून ठरवावं की या महिन्यात कोणाला विचार करायला लावायचं. याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात. संशोधकाने काही केलेलं नाही, जगात आधीच घडत असलेली एक चिठ्ठी त्याने ओळखली, एवढंच.

पण भारावून जाऊ नका, शंका काढा. पहिली शंका, नवा नंबर टाकायचा कंटाळा म्हणूनही कुणी बंद केलं असेल. म्हणजे सेवा हवी होती, पण पाकीट दुसऱ्या खोलीत होतं. मग ते दुर्लक्षाचं माप की आळसाचं? दुसरी शंका, परदेशात कार्ड नेटवर्कांची अशी सोय आहे की नवं कार्ड आलं की विक्रेत्याकडचा नंबर आपोआप बदलला जातो. मग ज्यांच्या बाबतीत तो आपोआप बदलला त्यांना निर्णयाचा क्षण आलाच नाही. पेपर वाचताना या दोन शंकांची उत्तरं शोधत वाचा, वाचनाचा वेग निम्मा होईल आणि समज दुप्पट. (आपल्याकडे, बँकेने नवं कार्ड दिलं तर ते जुन्या दुकानांशी जोडण्याआधी ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यावी असं रिझर्व्ह बँकेने टोकनांच्या नियमात म्हटलं आहे. म्हणजे हा क्षण आपल्याकडे नियमानेच राखून ठेवला आहे.)

मग तुम्हाला वाटेल, भारतात तर याहून मोठा प्रसंग आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून मँडेटचे नवे नियम सक्तीचे झाले आणि नियमात न बसणारे आपोआप कापले जाणारे हप्ते अडकले. वर्षाने साठवलेले नंबर गेले. एकाच दिवशी देशभर. आयतं संशोधन! मलाही असंच वाटलं होतं. एका दुपारी मी उत्साहाने दोन पानी टिपण लिहून गाइडना दाखवलं. त्यांनी पहिलंच वाक्य वाचून विचारलं, "तुलना कोणाशी करणार?"

तिथे सगळं गडगडलं. कार्डाची मुदत वेगवेगळ्या माणसांची वेगवेगळ्या महिन्यांत संपते, म्हणून ज्यांचं बदललं त्यांची ज्यांचं बदललं नाही त्यांच्याशी तुलना करता येते. नियम सगळ्यांना एकाच दिवशी लागू झाला, मग न लागू झालेला गट कुठून आणणार? शिवाय त्याच सुमाराला बऱ्याच जणांनी यूपीआय ऑटोपे धरलं होतं. ते जुलै २०२० मध्ये सुरू झालं होतं. मग कार्डावरचं सबस्क्रिप्शन बंद झालं म्हणजे सेवा सोडली की फक्त वाट बदलली, हे कार्डाच्या नोंदींवरून कळणार कसं? आणि त्या नोंदी मला कोण देणार, हा प्रश्न तर अजून विचारलाच नव्हता. मोठा धक्का म्हणजे चांगला नैसर्गिक प्रयोग, ही समजूत त्या दिवशी गेली. टिपण अजून फोल्डरमध्ये आहे.

मग आपल्या आवाक्यातलं काय?

आवाक्यातलं बरंच आहे. समजा तुम्ही मानसशास्त्र, वाणिज्य, कायदा किंवा संगणकशास्त्र यांपैकी कशात तरी प्रवेशपरीक्षेच्या मुलाखतीची तयारी करताय आणि 'डिजिटल पेमेंटमधील ग्राहकांच्या समस्या : एक अभ्यास' असं शीर्षक घेऊन जाणार आहात. नका जाऊ. समस्या कोणत्या, ग्राहक कोण, पेमेंट कोणतं, यातलं काहीच त्यात नाही. त्याऐवजी 'काढलं' या एका शब्दापाशी थांबा. अमुक सेवेतून कार्ड काढलं गेलं, हे तुम्ही कशावरून म्हणणार? पडद्यावर हिरवी खूण आली यावरून? बँकेच्या यादीतून टोकन गेलं यावरून? की पुढच्या बिलाच्या तारखेला पैसे गेले नाहीत यावरून? तिन्ही मापं वेगळी आहेत. माझ्या प्रकरणात पहिल्या मापाने काम फत्ते आणि तिसऱ्या मापाने फसलेलं होतं. क्लिक मोजणारा अभ्यास पहिल्यावर समाधान मानेल. तिसरं माप घ्यायचं तर निदान एक महिना थांबावं लागेल, म्हणजे तुमच्या वेळापत्रकातच तो महिना धरावा लागेल. संकल्पनेची कार्यकारी व्याख्या करा असं जे पद्धतीशास्त्राच्या पेपरात लिहितो ना आपण पाच गुणांसाठी, ते हे.

कायद्याच्या अंगाने जायचं असेल तर पट्टी आयती आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात तेरा प्रकार दिले आहेत. 'सबस्क्रिप्शनचा सापळा' हा त्यातला एक, आणि फुकट सबस्क्रिप्शनसाठी पेमेंटचा तपशील किंवा आपोआप पैसे कापायची परवानगी मागणं हेही त्या व्याख्येत स्पष्ट लिहिलं आहे. २०२३ चाच वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो की संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असावं. 'इतकंच सोपं' हे कशात मोजायचं? क्लिकमध्ये, मिनिटांत, की किती जणांना मदतीशिवाय जमलं यात? वकील आणि संगणकवाले दोघांनी मिळून बसावं असा हा प्रश्न आहे.

माणसांसोबत काम करणार असाल तर एक इशारा. भाग घेणाऱ्यांना त्यांच्या खऱ्या खात्यातून खरं कार्ड काढायला लावू नका. स्क्रीन रेकॉर्ड केलीत तर त्यावर व्यवहार, पत्ता, शिल्लक सगळं येतं आणि ते तुमच्या लॅपटॉपवर पडून राहतं. एथिक्स कमिटी विचारेलच, पण तिने विचारायची वाट का बघायची? नमुन्याचं खोटं खातं बनवा, किंवा लोकांना त्यांच्या खासगीत करू द्या आणि नंतर फक्त आठवणीतून पायऱ्या सांगायला सांगा. दुसऱ्या पद्धतीत अचूकता जाते, पण ते कुठे चुकले याची त्यांची स्वतःची गोष्ट मिळते, आणि मला तरी ती जास्त मोलाची वाटते.

आणि एक गोष्ट, जी मी वाचलेल्या पेपरांमध्ये मला दिसली नाही आणि आमच्या घरात मात्र समोर पडलेली होती. हे सगळे अभ्यास गृहीत धरतात की सेवा वापरणारा, कार्डाचा मालक आणि ज्याच्या फोनवर मेसेज येतो तो, हा एकच माणूस आहे. नियमही तेच धरून चालतो. पैसे कापण्याआधी किमान चोवीस तास सूचना गेली पाहिजे, तिच्यात दुकानाचं नाव, रक्कम, तारीख, कारण हवं, आणि नको असेल तर नाकारायची सोय हवी. नियम पाळला गेला होता. पाच वेळा सूचना आली होती. पण ती ज्याला आली त्याला ती सेवा काय आहे हे ठाऊक नव्हतं, आणि जिला ठाऊक होतं तिला सूचना येत नव्हती. बाबांच्या अंगी दुर्लक्ष नव्हतं, उलट प्रत्येक मेसेज त्यांनी वाचला होता. आयनाव यांच्या भाषेत ते 'लक्ष असलेले' ग्राहक ठरतील. त्यांना फक्त नकार द्यायचा अधिकार आपल्याला आहे असं वाटलं नाही.

आजूबाजूला बघा. मुलाच्या फोनमध्ये आईचं कार्ड, आजोबांच्या टीव्हीवर नातवाचं सबस्क्रिप्शन, नवऱ्याच्या खात्याला जोडलेला नंबर आणि बायकोच्या नावावरची ऑर्डर. एकक व्यक्ती न धरता घर धरलं तर प्रश्नावली कशी बदलेल? 'तुम्ही सबस्क्रिप्शन रद्द केलं आहे का' याच्या आधी 'बटण कोणी दाबलं, पैसे कोणाचे गेले आणि मेसेज कोणाला आला' असे तीन प्रश्न येतील, आणि तीन वेगळ्या माणसांना विचारावे लागतील. एका घरात तीन मुलाखती म्हणजे काम तिप्पट, पण असा प्रबंध मी तरी विकत घेऊन वाचेन.

दिवाळीच्या त्याच सुट्टीत बाबांच्या नेटबँकिंगमध्ये बसून आम्ही ती यादी शेवटी शोधून काढली. कार्डांच्या विभागात तीन पायऱ्या आत होती. त्यात तीन नावं निघाली. एक माझं ६९९ चं. ते काढलं, ओटीपी पुन्हा बाबांच्याच फोनवर आला आणि या वेळी त्यांनी तो स्वतःच टाकला. दुसरं धाकट्या भावाचं निघालं, कुठल्याशा मॅचपुरतं घेतलेलं. त्याला हाक मारली तर त्याला आठवतच नव्हतं. तिसरं ९९ रुपयांचं होतं, जुन्या नाट्यसंगीताचं ॲप. मी माउस तिथे नेला आणि विचारलं, हे कोणाचं?

"ते माझं आहे," बाबा म्हणाले. "ते राहू दे."